‘योग्य आवृत्ती सापडली नाही’ : जुन्या लायब्ररींचे एरर आणि त्यांत न सांगितलेला अर्धा भाग

एखादी लायब्ररी इन्स्टॉल करण्यासाठी टर्मिनलमध्ये एका ओळीची कमांड द्यावी, पडद्यावरून पंचवीस-तीस ओळी सरकत जाव्यात आणि शेवटी लाल अक्षरांत ‘ही अट पूर्ण करणारी आवृत्ती सापडली नाही, उपलब्ध आवृत्त्या : एकही नाही’ असे उत्तर मिळावे, हा अनुभव पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेत काम करणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाने कधी ना कधी घेतलेला असतो. खरा गोंधळ त्यानंतर सुरू होतो. ब्राउझरमध्ये त्याच लायब्ररीचे पान उघडले, तर तिथे तिच्या डझनभर आवृत्त्या ओळीने मांडलेल्या दिसतात आणि त्यांतली सर्वांत ताजी मागच्याच आठवड्यातली असते. मग पिप, म्हणजे पायथनच्या लायब्ररी उतरवून बसवणारा प्रोग्रॅम, ‘एकही नाही’ असे कशाच्या आधारावर म्हणतो? तो खोटे बोलत नसतो, पण पूर्ण वाक्यही बोलत नसतो. ‘तुमच्या संगणकावरील पायथनला चालेल अशी’ एकही आवृत्ती सापडली नाही, असे त्याला म्हणायचे असते, आणि नेमके हेच शब्द त्या ओळीत नसतात.

लायब्ररी म्हणजे दुसऱ्या कोणी लिहून, तपासून ठेवलेला आणि आपल्या प्रोग्रॅममध्ये तसाच वापरता येणारा कोड. आपला प्रोग्रॅम ज्या लायब्ररीवर विसंबतो ती त्याची डिपेन्डन्सी, आणि त्या लायब्ररीच्या स्वतःच्याही डिपेन्डन्सी असल्यामुळे एक पॅकेज (लायब्ररीचे इन्स्टॉल करता येणारे रूप) मागितले की वीस-तीस पॅकेजे उतरतात, यात नवल नाही. मार्च २०१६ मध्ये ‘लेफ्ट-पॅड’ नावाचे अवघ्या अकरा ओळींचे पॅकेज त्याच्या लेखकाने एनपीएम या जावास्क्रिप्टच्या पॅकेज मॅनेजरच्या भांडारातून काढून घेतले, तेव्हा जगभरातील प्रकल्पांचे इन्स्टॉलेशन अडले. ज्यांचे काम अडले त्यांपैकी अनेकांना आपण ते पॅकेज वापरतो याचा पत्ताही नव्हता.

या साखळीतील प्रत्येक कडी आपापल्या गतीने जुनी होत असते. पायथनच्या प्रत्येक आवृत्तीला साधारण पाच वर्षे देखभाल मिळते. पायथन २ ची देखभाल १ जानेवारी २०२० रोजी संपली, तर ३.८ ची ऑक्टोबर २०२४ मध्ये. लायब्ररीच्या लेखकाला जुन्या आवृत्त्यांसाठीचा आधार कायम ठेवायचा असेल, तर प्रत्येक बदल त्या सर्व आवृत्त्यांवर तपासावा लागतो आणि भाषेतील नव्या सोयींवर पाणी सोडावे लागते. त्यामुळे कधीतरी तो जुन्या आवृत्त्यांचा हात सोडतो, आणि तसे करण्याचा त्याला पूर्ण अधिकार आहे. प्रश्न एवढाच उरतो की, ज्याचा हात सुटला त्याला ते कधी आणि कोणत्या शब्दांत कळते.

आता त्या ‘एकही नाही’कडे जरा जवळून पाहू. पिप आधी भांडाराकडून त्या नावाखालील सर्व फायलींची यादी मागवतो. तयार बांधून ठेवलेल्या पॅकेजाच्या फायलीच्या नावातच ती कोणत्या पायथनसाठी, कोणत्या ऑपरेटिंग सिस्टीमसाठी आणि कोणत्या प्रकारच्या प्रोसेसरसाठी आहे हे लिहिलेले असते. शिवाय ‘पायथन ३.९ किंवा त्यापुढील’ यांसारखी अट लेखकाने सोबत नोंदवलेली असू शकते. पिप ही यादी चाळतो, न बसणाऱ्या फायली बाजूला सारतो आणि उरलेल्यांतून सर्वांत नवी निवडतो. चाळणीत काहीच उरले नाही की तो वरील वाक्य छापतो. नावाचे स्पेलिंग चुकले तरी तेच वाक्य, पायथन फार जुने असले तरी तेच, आणि पायथन फार नवे असल्यामुळे त्याच्यासाठी पॅकेज अजून बांधलेच गेले नसेल तरीही तेच. टेन्सरफ्लो या मशीन लर्निंगच्या लायब्ररीचे उदाहरण यात फार बोलके आहे. ती लायब्ररी फक्त ६४-बिट पायथनसाठी बांधली जाते आणि तिचा मूळ कोड पायपीआय या भांडारात वेगळा ठेवलेला नसतो. त्यामुळे ६४-बिट संगणकावर चुकून ३२-बिट पायथन बसवलेल्या माणसाला ‘एकही नाही’ असे उत्तर येते आणि तो बिचारा नावाचे स्पेलिंग पुन्हापुन्हा तपासत बसतो.

यातली चीड आणणारी गोष्ट अशी की, चाळणी लावणाऱ्या प्रोग्रॅमला प्रत्येक फाइल कोणत्या कारणाने बाजूला पडली हे त्या क्षणी अचूक ठाऊक असते. माहिती हातात असते, पण ती छापली जात नाही. सुदैवाने पिपच्या अलीकडच्या आवृत्त्यांनी यात सुधारणा केली असून ‘पुढील आवृत्त्यांना वेगळे पायथन लागते, म्हणून त्या वगळल्या’ अशी ओळ त्या आकड्यांसह छापतात. एवढ्या एका ओळीने वाचणाऱ्याचा तासभर वाचू शकतो.

कधीकधी मेसेज अगदी स्पष्ट असतो, पण दिशा चुकवतो. तयार बांधलेले पॅकेज मिळाले नाही आणि मूळ कोड मात्र उपलब्ध असला, तर पिप तो कोड आपल्याच संगणकावर बांधायचा प्रयत्न करतो. विंडोजवर अशा वेळी ‘मायक्रोसॉफ्ट व्हिज्युअल सी++ १४.० किंवा त्यापुढील आवृत्ती आवश्यक आहे’ असा मेसेज येतो. वाचणारा माणूस आज्ञाधारकपणे काही गिगाबाइटची साधने उतरवून घेतो आणि बहुधा त्यानंतरही अडतो, कारण त्याची खरी अडचण कंपायलरची, म्हणजे मूळ कोड बांधणाऱ्या साधनाची, नसते. त्याचे पायथन त्या लायब्ररीच्या मानाने फार जुने किंवा फार नवे असते, आणि योग्य आवृत्तीचे पायथन घेतले असते तर तयार पॅकेज आपोआप मिळाले असते. मेसेजात सांगितलेली प्रत्येक गोष्ट खरी असूनही तो वाचणाऱ्याला भलत्याच वाटेला लावू शकतो, याचे यापेक्षा चांगले उदाहरण मला माहीत नाही.

एरर केव्हा येतो, यावरही पुष्कळ अवलंबून असते. न जुळणारी जोडी इन्स्टॉलेशनच्या वेळीच पकडली गेली, तर कारण आणि परिणाम शेजारीशेजारी असतात. ती तिथून निसटली, तर प्रोग्रॅम सुरू करताना फुटते; तिथूनही निसटली, तर कधीतरी भलत्याच ठिकाणी. ‘डिस्ट-युटिल्स’ हे पॅकेजे बांधण्याचे जुने साधन ऑक्टोबर २०२३ मध्ये आलेल्या पायथन ३.१२ मधून काढून टाकण्यात आले. त्यानंतर अनेक जुनी पॅकेजे ‘डिस्ट-युटिल्स नावाचे मॉड्यूल नाही’ एवढेच सांगून कोलमडू लागली. वाचणाऱ्याने ते नाव कोठेही लिहिलेले नसते, म्हणून तो तेच इन्स्टॉल करायला धावतो, आणि दोष त्याचा नसतो.

ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या नोडच्या आवृत्ती १७ च्या वेळचा घोळ तर याहून गमतीदार होता. ऑक्टोबर २०२१ मध्ये आलेल्या या आवृत्तीत ओपनएसएसएल ३ (क्रिप्टोग्राफीची लायब्ररी) समाविष्ट होते आणि त्याने एमडी४ ही जुनी, कमकुवत हॅश पद्धत नेहमीच्या वापरातून बाजूला काढली होती. वेबपॅक ४ हे वेब-पानांच्या फायली एकत्र बांधणारे साधन मात्र फायलींना ओळखक्रमांक देण्यासाठी तीच पद्धत वापरत असे. परिणामी, साधे वेब-पान बांधणाऱ्या माणसाला ‘डिजिटल एन्व्हलप रूटीन्स : अनसपोर्टेड’ असा एरर दिसू लागला. यात नोडचा उल्लेख नाही, वेबपॅकचा नाही, आवृत्तीचाही नाही. आहे तो केवळ क्रिप्टोग्राफीच्या तळघरातून वर आलेला एक आवाज. त्यावर लोकांनी शोधलेला उपाय म्हणजे जुन्या पद्धती पुन्हा चालू करणारी एक सेटिंग. ती एकमेकांकडून उतरवून घेतली गेली आणि कित्येक प्रकल्पांत राहून गेली, कारण ‘वेबपॅक नव्या आवृत्तीवर न्या’ हे सांगणारे त्या ओळीत काहीच नव्हते.

याच्या उलट, जून २०२४ मध्ये आकडेमोडीच्या नमपाय या लायब्ररीची आवृत्ती २.० आली तेव्हाची तयारी पाहण्यासारखी आहे. नमपाय १ च्या काळात कंपाइल केलेली मॉड्यूले नमपाय २ सोबत चालवणे धोक्याचे होते, त्यामुळे नवी आवृत्ती अशी जोडी दिसताच एक सविस्तर मेसेज छापते. १.एक्स सोबत कंपाइल केलेले मॉड्यूल २.एक्स मध्ये चालवता येणार नाही, कारण ते क्रॅश होऊ शकते, असे तो आधी सांगतो. मग दोन वेगळ्या वाचकांशी वेगवेगळे बोलतो. मॉड्यूल लिहिणाऱ्याने ते नमपाय २.० वर कंपाइल करावे, आणि मॉड्यूल फक्त वापरणाऱ्याने नमपाय दोनच्या खाली आणावे किंवा ते मॉड्यूल अद्ययावत करून पाहावे. वापरणाऱ्याला कंपाइल करण्याचा सल्ला देऊन काही उपयोग नसतो, हे लिहिणाऱ्याच्या ध्यानात होते.

आता या विषयातील सर्वांत चमत्कारिक अडचण. ज्याची साधने जुनी आहेत त्यालाच हा मेसेज पोहोचायला हवा, पण मेसेज छापण्याचे काम त्याच जुन्या साधनांना करायचे असते. जुना पिप कोणाच्या तरी संगणकावर वर्षानुवर्षे पडून आहे. आज आपण पिपमध्ये कितीही छान सुधारणा केली, तरी ती त्या संगणकावर आपोआप जात नाही. पॅकेजाने नोंदवलेली ‘कमीत कमी अमुक पायथन हवे’ ही अट पिपला २०१६ मध्ये आलेल्या आवृत्ती ९ पासून समजू लागली. त्याआधीचा पिप ती अट वाचतच नाही आणि बेधडक सर्वांत नवी आवृत्ती उतरवतो, मग ती चालो न चालो.

आयपायथन (पायथनचा कोड ओळीओळीने चालवून पाहण्याचे साधन) बनवणाऱ्या मंडळींपुढे २०१७ मध्ये हाच पेच होता. आवृत्ती ६ पासून त्यांनी पायथन २ सोडले. नव्या पिपला अट समजत होती, म्हणून तो पायथन २ वाल्यांना आपोआप आयपायथन ५ देत असे. पण जुन्या पिपचे काय? त्यांनी ‘सेटअप’ फायलीच्या, म्हणजे इन्स्टॉलेशनच्या वेळी चालणाऱ्या फायलीच्या, सुरुवातीलाच पायथनची आवृत्ती तपासली. ती जुनी निघाली तर फाइल तिथेच थांबते आणि आयपायथनची ही आवृत्ती तुमच्या पायथनवर चालत नाही, पायथन २.७ साठी आयपायथन ५ घ्या, असे सांगते. एवढ्यावर न थांबता ती वापरणाऱ्याच्या पिपची आवृत्तीही पाहते आणि तो जुना असल्यास ‘तुमचा पिप जुना आहे, ९.०.१ किंवा त्यापुढील बसवा. सध्या अमुक आढळला’ असे जोडते. मला यातले ‘सध्या अमुक आढळला’ फार महत्त्वाचे वाटते. आपल्या संगणकावर एकाहून अधिक पायथन असतात, आपण समजतो एक आणि कमांड चालते दुसऱ्यावरच. समोर खरा आकडा आला की निम्मे कोडे तिथेच सुटते.

ही तपासणी लिहिताना एका सापळ्यात पाय अडकू शकतो. समजा, मेसेजात आवृत्तीचा आकडा गुंफण्यासाठी आपण एफ-स्ट्रिंग वापरली. ती सोय पायथन ३.६ पासून आली. पायथन ३.५ ही फाइल उघडते तेव्हा एकेक ओळ चालवण्याआधी ती पूर्ण फाइल वाचून तिचे व्याकरण तपासते. एफ-स्ट्रिंग तिला कळत नाही, म्हणून ती ‘वाक्यरचना चुकीची’ असे म्हणून थांबते आणि आपला आपुलकीने लिहिलेला मेसेज छापला जाण्याची वेळच येत नाही. तुमची आवृत्ती जुनी आहे हे सांगणारा कोड जुन्या आवृत्तीलाच वाचता आला नाही! म्हणून आयपायथनच्या त्या फायलीत आकडे गुंफण्याची जुनी पद्धत वापरलेली होती आणि ‘प्रिंट’ हे दोन्ही पायथनांत सारखे चालावे यासाठीची ओळही आवर्जून घातलेली होती. ज्याला निरोप द्यायचा त्याच्या भाषेत तो लिहायचा, हे इथे अगदी शब्दशः लागू पडते.

जुने नाव बंद करतानाही हीच कसरत करावी लागते. सायकिट-लर्न या लायब्ररीला कोडमध्ये ‘एसके-लर्न’ म्हणून बोलावतात, त्यामुळे अनेकजण इन्स्टॉल करतानाही तेच छोटे नाव लिहीत. त्या नावाचे एक पोकळ पॅकेज भांडारात होते आणि ते मागितले की खरी लायब्ररी उतरत असे. हे पॅकेज बंद करायचे ठरल्यावर ते एका झटक्यात काढले गेले नाही. डिसेंबर २०२२ पासून ते दर तासाला ठरावीक काही मिनिटेच मुद्दाम अडू लागले, पुढे ती मिनिटे वाढवत नेली आणि १ डिसेंबर २०२३ पासून ते कायमचे अडले. अशा रीतीने ज्यांचे काम अडले त्यांना दुरुस्तीसाठी वर्षभराचा अवधी मिळाला, आणि काही मिनिटांनी पुन्हा प्रयत्न केला तर त्या दिवसाचे कामही भागत होते. त्या मेसेजात स्वतः कमांड देणाऱ्याला वेगळा उपाय आहे, डिपेन्डन्सींची यादी फायलीत लिहून ठेवणाऱ्याला वेगळा, आणि दुसऱ्या कोणाच्या पॅकेजामुळे अडलेल्याला ‘कोणते पॅकेज हे नाव वापरते ते शोधा आणि त्यांना कळवा’ असा तिसरा. अगदीच नाइलाज झाला, तर तात्पुरती मोकळीक देणारी सेटिंगही दिलेली आहे, पण ती सर्वांत शेवटी. उपायांचा हा क्रम मुद्दाम ठरवलेला दिसतो, कारण घाईत असलेला माणूस पहिला दिसेल तो उपाय करतो.

एनपीएमच्या सातव्या आवृत्तीपासून येणारा ‘डिपेन्डन्सींचे झाड जुळवता आले नाही’ हा एरर याबाबतीत थोडा कमी पडतो, असे माझे मत आहे. मूळ विसंगती दुरुस्त करा, नाहीतर ‘फोर्स’ किंवा ‘लेगसी-पीअर-डेप्स’ हा पर्याय लावून कमांड पुन्हा द्या, असे तो सुचवतो आणि त्यामुळे चुकीची, कदाचित मोडकी जुळणी स्वीकारली जाईल असा इशाराही देतो. व्यवहारात लोक इशारा ओलांडतात आणि पर्याय तेवढा उचलतात. डेबियन १२ या लिनक्स सिस्टीमवर संपूर्ण सिस्टीमच्या पायथनमध्ये पिपने काही बसवू गेल्यास येणारा एरर यापेक्षा धोरणी आहे. तो आधी सिस्टीमचे स्वतःचे पॅकेज सुचवतो, मग व्हर्च्युअल एन्व्हायर्न्मेंट (पॅकेजांसाठी सिस्टीमपासून वेगळी ठेवलेली जागा) तयार करायची कमांड लिहून देतो, आणि बळजबरीच्या पर्यायाचे नावच ‘ब्रेक-सिस्टीम-पॅकेजेस’ असे ठेवलेले आहे. असले नाव स्वतःच्या हाताने टाइप करताना माणूस क्षणभर तरी थबकतो.

जेव्हा दोन लायब्ररी तिसरीच्या वेगवेगळ्या आवृत्त्या मागतात, तेव्हा प्रकरण आणखी अवघड होते, कारण तिथे जुने कोण आणि नवे कोण हेच चटकन कळत नाही. नोव्हेंबर २०२० च्या पिप २०.३ पूर्वी अशा वेळी जी अट आधी दिसेल ती पाळली जाई आणि बिघाड पुढे ढकलला जाई. आता पिप थांबतो आणि कोणते पॅकेज तिसऱ्याची कोणती आवृत्ती मागते हे ओळीने लिहितो. नॅटली वाइझनबॉम यांनी २०१८ मध्ये डार्ट भाषेच्या पॅकेज मॅनेजरसाठी मांडलेली ‘पबग्रब’ ही पद्धत याच्याही पुढे जाते. आवृत्त्या जुळवताना कोणता पर्याय कशामुळे बाद झाला याची नोंद ती ठेवत जाते, त्यामुळे शेवटी ‘हे पॅकेज त्याची आवृत्ती २ मागते आणि ते पॅकेज दोनच्या खालीच चालते, म्हणून दोन्ही एकत्र बसणार नाहीत’ अशी कारणांची साखळी मांडता येते. वाचणाऱ्याला त्यातली सोडता येण्यासारखी अट कोणती, हे त्यामुळे दिसू लागते.

स्वतः अशा एररसमोर बसलेल्या माणसाने शेवटची ओळ वाचून लगेच शोध घेऊ नये, असे मी सुचवेन. कोणी हार मानली एवढेच शेवटच्या ओळीतून कळते. का मानली, हे पुष्कळदा तिच्या बऱ्याच वर लिहिलेले असते. म्हणून वर जाऊन ‘एरर’ हा शब्द पहिल्यांदा कोठे आला ते शोधावे, तिथे कोणत्या पॅकेजाचे नाव आहे ते पाहावे, आणि आपण कमांड दिली ती नेमक्या कोणत्या पायथनवर किंवा नोडवर चालली याची खात्री करावी. नाव अनोळखी असेल, तर ते कोणी मागितले हे दाखवणारी कमांड बहुतेक पॅकेज मॅनेजरांत असते. एनपीएममध्ये ‘एक्स्प्लेन’, रस्ट भाषेच्या कार्गोमध्ये ‘ट्री’.

आणि ज्याला स्वतःच्या लायब्ररीसाठी असा मेसेज लिहायचा आहे, त्याने तो ‘आवृत्ती जुळत नाही’ एवढ्यावर सोडू नये. ‘या लायब्ररीच्या आवृत्ती ४ ला पायथन ३.१० किंवा त्यापुढील लागते. तुमच्याकडे ३.७ आढळले. पायथन बदलणे शक्य नसेल, तर पायथन ३.७ वर चालणारी या लायब्ररीची शेवटची आवृत्ती ३.६ आहे, ती बसवण्याची कमांड पुढीलप्रमाणे.’ एवढे लिहायला दोन मिनिटे लागतात. त्यानंतर मात्र तो मेसेज खरोखर जुन्या पायथनवर छापला जातो का, हे पाहावे लागते, आणि ते पाहायचे कोणाला सुचत नाही, कारण आपल्या स्वतःच्या संगणकावर तो एरर कधी येतच नाही. जुन्या पायथनचा एखादा कंटेनर (आपल्या संगणकातच वेगळी चालणारी छोटी सिस्टीम) उघडून त्यात पॅकेज बसवण्याचा प्रयत्न करावा. तो फसायलाच हवा, आणि फसताना छापलेला आकडा बरोबर असायला हवा. आयपायथनच्या त्या सेटअप फायलीत तपासणीच्या शेजारीच एक छोटी टीप लिहिलेली होती : ही तपासणी आणखी एका फायलीत आहे, पायथनची अट बदलाल तेव्हा दोन्हीकडे बदलायला विसरू नका.